न मागता मिळाले पाहिजे

खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळी सातच्या सुमारास बसस्थानकावर उभे राहिले, तर एसटीतून उतरून महाविद्यालयाकडे निघालेल्या मुलींचे थवे दिसतात. त्यांतल्या कित्येक जणी पहाटे उठून, पाणी भरून, भाकरी टाकून निघालेल्या असतात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शासनाचा मोफत पास आहे आणि मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना एसटीचे अर्धे तिकीट झाले आहे. गेल्या काही वर्षांत या भागात जे काही चांगले घडले, त्यात या गाड्यांमधली मुलींची गर्दी मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. या मुली सहा-साडेसहाला घर सोडतात, आणि तास संपून परतीची गाडी मिळून घरी पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असतात. म्हणजे साधारण नऊ तास त्या घराबाहेर असतात.

पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलावे, असे डॉक्टर सांगतात. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की पुढचा हिशेब कोणालाही करता येईल. पाळी ठरल्या तारखेला आली, मुलगी घरून पूर्ण तयारीने निघाली, कोणतीही अडचण उद्भवली नाही, तरीसुद्धा या नऊ तासांत तिला एकदा तरी पॅड बदलावेच लागते, आणि ती जागा महाविद्यालयाचे स्वच्छतागृह हीच असते. आपल्याकडे या विषयावर बोलणे निघाले की ते ‘अडीअडचणीला एखादे पॅड हाताशी असावे’ एवढ्यावर येऊन थांबते. मला ही मांडणीच चुकीची वाटते. दर महिन्याला, ठरल्याप्रमाणे, जवळपास निम्म्या विद्यार्थ्यांना जे लागते, त्याला अडीअडचण म्हणत नाहीत. पिण्याचे पाणी आणि हात धुण्याचा साबण यांच्या पंगतीत बसणारी ती गरज आहे, आणि महाविद्यालयाने व विद्यापीठाने ती त्याच पद्धतीने, मोफत आणि न मागता, भागवली पाहिजे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

यातल्या ‘मोफत’ या शब्दाइतकाच ‘न मागता’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, किंबहुना थोडा अधिकच. तो का, हे सांगण्यासाठी काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगणे भाग आहे.

एप्रिल महिना होता आणि उन्हाळी परीक्षा चालू होत्या. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात, आणि वर्गातले पंखे गरम हवाच फिरवत असतात. द्वितीय वर्षाची एक मुलगी, वर्गात नेहमी नेमके प्रश्न विचारणारी, शेवटचा पाऊण तास पेन खाली ठेवून नुसती बसून होती. तिची उत्तरपत्रिका भरली होती आणि पुरवणी मागण्यासाठी उभे राहावे लागले असते. ती उभी राहिली नाही. वेळ संपली, मुले बाहेर पडली, तरी ती जागेवरून हलेना, तेव्हा मी जवळ गेले. माझ्याशी एरवी प्रमाण मराठीत बोलणारी ही मुलगी मान खाली घालून अहिराणीत एवढेच म्हणाली, “मॅडम, माले घर जानं शे.” ओढणी तिने दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

त्या महाविद्यालयात पॅड नव्हते असे नाही. मुलींच्या कक्षातल्या लोखंडी कपाटात त्यांची दोन खोकी होती. कपाटाला कुलूप होते, चावी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याकडे होती, आणि ते गृहस्थ त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत परीक्षेच्या कामावर होते. खोक्यावर एक वही ठेवलेली असे आणि तिच्यात रकाने आखलेले होते : तारीख, नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, संख्या, सही. वर्षभरात त्या वहीत जेमतेम अकरा नोंदी झाल्या होत्या, आणि त्यावरून ‘मुलींना याची फारशी गरज दिसत नाही’ असा निष्कर्ष एका बैठकीत काढला गेला होता. त्या बैठकीत मी होते. वही ठेवण्याच्या निर्णयावर माझीही सही होती. साठा संपला तर हिशेब द्यावा लागेल, एवढाच विचार तेव्हा आमच्या डोक्यात होता; त्या रकान्यांत नाव लिहिणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, हा विचार आम्हा चार-पाच बायकांपैकी एकीच्याही मनात आला नाही, याची खंत मला आजही आहे.

त्या वहीचा विचार मी नंतर बराच केला. एखाद्या संस्थेला आपल्या कोणत्या विद्यार्थिनीला आज पाळी आली आहे हे माहीत असण्याचे काय कारण आहे? काहीही नाही. ही माहिती गोळा करण्याची सवय कुठवर जाऊ शकते, हे फेब्रुवारी २०२० मध्ये भुजला दिसले. तिथल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात साठहून अधिक मुलींना पाळी चालू आहे की नाही हे तपासण्यासाठी कपडे उतरवायला लावले गेले. तिथला हेतू विटाळ पाळण्याचा होता आणि आमचा साठ्याचा हिशेब ठेवण्याचा, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसू इच्छित नाही. परंतु मुलीने आपली पाळी संस्थेपुढे जाहीर केल्याशिवाय तिला पुढे जाता येऊ नये, ही गोष्ट दोन्हीकडे आहे. चावी मागायला जाणारी मुलगी काही न बोलताही सगळे सांगून बसते. म्हणून पॅड फुकट असूनही ते मागावे लागत असेल, तर मुलगी त्याची किंमत मोजतेच. फक्त ती रुपयांत मोजत नाही, आणि बहुतेक मुली ती मोजण्यापेक्षा पुरवणी न मागणे पसंत करतात.

अलीकडे कपाटाच्या जागी यंत्रे आली आहेत. नाणे टाकायचे आणि पॅड घ्यायचे, अशी ही पेटी अनेक महाविद्यालयांच्या भिंतीवर दिसते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात लिंगसमभावासाठी संस्थेने काय सोयी केल्या हे दाखवावे लागते, त्यामुळे समिती येण्याच्या आधीच्या महिन्यांत अशी यंत्रे बसवण्याची घाई होते, त्यांची छायाचित्रे अहवालात लागतात, आणि समिती परत गेल्यावर ती भरायची कोणी हे ठरलेले नसते. पाच रुपयांचे नाणे जवळ नसते, ते असले तर यंत्रात अडकते, आणि अडकले तर तक्रार करायला पुन्हा त्याच कार्यालयात जावे लागते. यंत्रामागचा हेतू वाईट नाही. पण जिथे साबणाची वडी ठेवून भागते, तिथे कोणी नाणे टाकून साबण देणारे यंत्र बसवत नाही. पॅडच्या बाबतीत आपण ते बसवतो, कारण आपल्या मनात कुठेतरी ती चैनीची किंवा खासगी वस्तू आहे आणि तिच्यावर पहारा हवा, असे ठसलेले आहे.

स्कॉटलंडने या बाबतीत केलेला कायदा मला म्हणूनच अभ्यासण्याजोगा वाटतो. तिथे २०१८ पासूनच शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांतून पाळीची साधने मोफत मिळू लागली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या संसदेने एकमताने कायदा करून ही सोय सर्वांसाठी बंधनकारक केली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून त्यातली कर्तव्ये पूर्णपणे लागू झाली. साधने मोफत द्या, एवढेच सांगून तो कायदा थांबत नाही. ती सहज मिळाली पाहिजेत, घेणाऱ्या व्यक्तीचा मान राखला जाईल अशा रीतीने मिळाली पाहिजेत, आणि त्यांत निवडीला वाव असला पाहिजे, अशा अटी त्यात आहेत. पाठोपाठ फ्रान्सने २०२१ मध्ये विद्यापीठांत आणि न्यूझीलंडने त्याच वर्षी शाळांत ही साधने मोफत केली. ते श्रीमंत देश आहेत, त्यांना परवडते, हे उत्तर मला माहीत आहे आणि पैशाच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. परंतु मान राखण्याच्या अटीला पैसा लागत नाही. कपाटाचे कुलूप काढायला काहीही खर्च येत नाही.

आपल्याकडे या विषयात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या आरोग्य विभागाने २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना देण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना आणली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांना आणि ते पोचवण्याचे काम महिला बचत गटांना, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी जुलैत सॅनिटरी नॅपकिनवरचा बारा टक्के जीएसटी रद्द झाला. जनऔषधी केंद्रांत अडीच रुपयांना मिळणारे पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळू लागले. सर्वोच्च न्यायालयापुढे याचिका आली आणि १० एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राला शालेय मुलींच्या पाळीच्या स्वच्छतेबाबत देशभर समान धोरण आखण्यास सांगितले. याचा परिणामही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत पंधरा ते चोवीस वयाच्या सुमारे ५८ टक्के मुली आरोग्यदृष्ट्या सुरक्षित साधने वापरत होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७७ टक्क्यांच्या वर गेले.

मात्र या सगळ्या प्रयत्नांची रेषा कुठे थांबते ते पाहावे. आशा कार्यकर्तींची योजना दहा ते एकोणीस वयाच्या मुलींची आहे. अस्मितामधली सवलत शाळेची होती. न्यायालयापुढची मागणी सहावी ते बारावीची होती. म्हणजे मुलगी बारावी झाली आणि पदवीच्या प्रथम वर्षाला आली, की तिच्या शरीरात काहीही बदललेले नसताना ती या सगळ्या योजनांच्या कक्षेबाहेर पडते किंवा पडण्याच्या बेतात असते. बसचा मोफत पासही बारावीलाच थांबतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये एकविसाव्या वर्षापासून मिळतात. अठरा ते एकवीस ही पदवीची तीन वर्षे अशी आहेत, की त्या काळात ही मुलगी शाळेची विद्यार्थिनीही नसते आणि लाभार्थी बहीणही नसते. शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हा निर्णय अतिशय मोलाचा आहे. ज्या राज्याला मुलीच्या अभियांत्रिकीचे हजारो रुपये भरणे योग्य वाटते, त्याला तिच्या महिन्याच्या चार पॅडचा खर्च उचलणे जड जावे, हे मला पटत नाही.

आता खर्चाविषयी. मी इथे दोन गरजा वेगळ्या करते, कारण त्या एकत्र केल्या की आकडा फुगतो आणि चर्चा संपते. घरून ये-जा करणाऱ्या मुलीची महाविद्यालयातली गरज महिन्याला चार पॅडची धरू. वर्षाचे दहा महिने धरले तर एका मुलीला चाळीस पॅड लागतील. हजार मुलींच्या महाविद्यालयात चाळीस हजार होतील. जनऔषधीच्या दराने ही रक्कम वर्षाला चाळीस हजार रुपये होते. थोडे चांगले पॅड घाऊक भावात चार रुपयांना पडले असे समजले, तर एक लाख साठ हजार. एवढ्या मुली असलेल्या संस्थेत स्नेहसंमेलनाचा मांडव, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे जेवण यांवर जो खर्च होतो, तो करणाऱ्यांनी हा आकडा आपल्या डोळ्यांसमोर ठेवावा. मुलींवर विभागून टाकला तर हा खर्च एकीमागे वर्षाला चाळीस ते एकशे साठ रुपये होतो.

वसतिगृहाचा हिशेब निराळा आहे. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या सातपुड्याच्या पट्ट्यातून नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा धुळ्याच्या वसतिगृहात राहायला येणारी मुलगी दिवसाचे चोवीस तास तिथेच असते. तिला महिन्याला अठरा-वीस पॅड लागतील आणि ते सगळे तिथेच लागतील. ती घरून आणू शकत नाही, कारण सुट्टी लागेपर्यंत ती घरी जात नाही. आणि घरून येणाऱ्या पैशांचा भरवसा नसतो, कारण आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले असतात. हातात आलेल्या निर्वाह भत्त्यातून वही, मोबाइलचा रिचार्ज, परीक्षेचा अर्ज आणि पॅड यांतले काय मागे ठेवायचे, हे अशी मुलगी दर महिन्याला ठरवत असते, आणि मी ज्या मुलींशी बोलले आहे त्यांनी बहुतेक वेळा पॅड मागे ठेवले होते. दिवसभर एकच वापरले, असे त्या सहज सांगतात. त्या सहजपणाचा मला त्रास होतो. म्हणून विद्यापीठाने आणि आदिवासी विकास विभागाने सुरुवात कुठून करावी असे मला कोणी विचारले, तर माझे उत्तर वसतिगृहापासून, हेच असेल.

कोणी म्हणेल की मोफत ठेवले की मुली घरी घेऊन जातील. जातील. काही जणी नक्की नेतील आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ज्या घरात कापूस वेचून आलेल्या आईने आयुष्यात स्वतःसाठी पॅडचे पाकीट विकत घेतलेले नाही, जिथे धाकट्या बहिणीला नुकतीच पाळी सुरू झाली आहे, त्या घरात महाविद्यालयातून चार पॅड गेले तर ती चोरी ठरत नाही. पहिले काही आठवडे डबा लवकर रिकामा होईल, कारण उद्या मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूस आजच दोन जास्त घेतो. लग्नाच्या पंगतीतही पुरी पुन्हा येणार हे ठाऊक असले की कोणी पानात ढीग करत नाही. डबा रोज भरलेला दिसू लागला, की दप्तरात साठवण्याची गरज संपते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. बाजारातल्या नेहमीच्या पॅडमध्ये शोषून घेणारा थर लाकडाच्या लगद्याचा आणि रासायनिक कणांचा असतो, खाली प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो कुजत नाही. कापसाच्या मुलखात राहून आपण मुलींच्या हाती प्लास्टिक देणार का, असे आमच्याच एका सहकारी प्राध्यापकांनी मला विचारले होते. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे. सध्या काय होते तेही पाहिले पाहिजे : कचऱ्याचा डबा नसल्यामुळे वापरलेले पॅड खिडकीच्या गजांतून मागच्या बाजूला टाकले जाते, किंवा संडासात टाकले जाते आणि तुंबते, किंवा भिंतीवरच्या छोट्या विजेच्या भट्टीत अर्धवट जळते आणि तिचा धूर त्याच कोंदट खोलीत भरतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी वापरलेले पॅड गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यायला सांगितले आणि गुंडाळण्यासाठी पाकीट किंवा वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. गुंडाळायला कागद, झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करण्याची व्यवस्था या तीन गोष्टी पॅडच्या डब्याबरोबरच आल्या पाहिजेत.

कापडी पॅड आणि पाळीचे रक्त साठवणारे, धुऊन पुन्हा वापरायचे कप यांचा पर्याय खुला असावा, हे तर नक्कीच. केरळात आलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत २०१९ मध्ये ‘तिंकळ’ या उपक्रमातून पाच हजार कप वाटले गेले, आणि त्याबरोबर तो कसा वापरायचा याचे शिक्षणही दिले गेले. एक कप अनेक वर्षे टिकतो, कचरा होत नाही, पैसे वाचतात. परंतु कपाला स्वच्छ पाणी, तो उकळण्याची सोय आणि कडी लागणारे दार हवे असते. वीस मुलींमागे एक नळ असलेल्या वसतिगृहात किंवा ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते तिथे, कपाचा आग्रह धरणे म्हणजे पर्यावरणाचा सगळा भार सर्वांत अडचणीतल्या मुलीच्या अंगावर टाकणे होय. कापडाचेही तसेच आहे. आमच्या आया-आज्यांनी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरल्या, आणि कापड स्वतः वाईट नव्हते; ते उन्हात वाळवता येत नव्हते, हे वाईट होते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली झाकून, ओलसर राहिलेली ती घडी पुन्हा वापरली जाई. आजही जिथे दोरीवर उघडे वाळवण्याची मोकळीक नाही, तिथे कापडाची शिफारस करताना या झाकलेल्या दोरीचा विचार झाला पाहिजे. म्हणून निवड मुलीची असावी; साधने दोन-तीन प्रकारची ठेवावीत आणि कोणते घ्यावे हे तिने ठरवावे.

‘आधी स्वच्छतागृहे नीट करा, पॅडचे मग पाहू’ असेही ऐकू येते. यातल्या ‘आधी’ आणि ‘मग’ या शब्दांना माझी हरकत आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, आतून लागणारी कडी, दिवा, खुंटी आणि साबण हवाच, याबद्दल वाद नाही. खुंटी हा शब्द मी मुद्दाम लिहिला, कारण दप्तर आणि ओढणी ओल्या फरशीवर ठेवून पॅड बदलता येत नाही, आणि इमारतीचे आराखडे करणाऱ्यांना हे सुचत नाही. पण कडी बसेपर्यंत पॅड थांबवायचे, आणि पॅड येईपर्यंत कडीची घाई कशाला म्हणायचे, असे झाले तर दोन्ही राहतात. ज्या दिवशी पॅडचा डबा स्वच्छतागृहात बसतो, त्या दिवसापासून त्या खोलीत रोज कोणीतरी जबाबदार माणूस जाऊ लागतो, आणि मोडलेली कडी त्याच्या नजरेला पडते.

हजेरीच्या प्रश्नाचा उल्लेखही इथे केला पाहिजे. पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट आहे आणि पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी मुली येत नाहीत, हे आम्ही शिक्षक पटावर पाहतो, बोलत मात्र नाही. केरळातल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात हजेरीत दोन टक्के सूट दिली आणि पुढे राज्य शासनाने ती इतर विद्यापीठांपर्यंत नेली. त्यासाठी वैद्यकीय दाखला मागितला गेला नाही, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटले. सूट हवीच, वेदना हे खरे कारण असते आणि त्यावर पॅड हा इलाज नाही. पण ज्या मुली वेदनेमुळे नव्हे, तर डाग पडण्याच्या धास्तीने घरी राहतात, त्यांना सूट देण्यापेक्षा वर्गात बसता येईल अशी सोय करणे अधिक योग्य आहे.

जळगावला १९९० मध्ये स्थापन झालेले आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिरवणारे आपले विद्यापीठ जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे आहे. ते नाव ज्या बाईचे आहे, तिला शाळेचा उंबरठा कधी ओलांडता आला नाही. या विद्यापीठाला हा निर्णय घेण्यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. अंदाजपत्रक मार्च महिन्यात अधिसभेपुढे येते. त्यात विद्यापीठाच्या परिसरासाठी आणि वसतिगृहांसाठी या खर्चाचे स्वतंत्र शीर्ष उघडता येते, आणि संलग्न महाविद्यालयांना तसे शीर्ष ठेवण्यास सांगता येते. शीर्षाचा आग्रह मी यासाठी धरते, की सध्या जिथे काही होते तिथे ते देणगीवर होते. महिलादिनाला एखादी संस्था येते, मंचावर मुलींना उभे करून पाकिटे वाटते, छायाचित्र काढले जाते आणि जूनपर्यंत खोकी रिकामी होतात. देणाऱ्यांच्या भावनेविषयी मी शंका घेत नाही. पण विजेचे बिल कोणी देणगीतून भरत नाही. जे दर महिन्याला लागते ते दर महिन्याच्या खर्चात धरावे लागते. पुरवठा बचत गटांकडून घेता आला तर फारच उत्तम. मात्र माल आयएस ५४०५ या भारतीय मानकाला उतरतो की नाही हे तपासूनच घ्यावा, बचत गटाचे आहे म्हणून निकृष्ट चालवून घेऊ नये. मुलींच्या अंगाशी संबंध येणारी वस्तू आहे.

आपल्या महाविद्यालयांतल्या युवती सभांकडून माझी एक अपेक्षा आहे. आजवर त्यांच्या कार्यक्रमांत डॉक्टरांचे व्याख्यान, प्रश्नोत्तरे आणि आभारप्रदर्शन झाले, आणि मुलग्यांना त्या तासाला बाहेर ठेवले गेले. मुलग्यांना आत बसू द्यावे. माझ्या वर्गातला एक मुलगा मागच्या वर्षी म्हणाला, की मेडिकलवाला हे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत का देतो, हे त्याला बहिणीसाठी आणायला गेल्यावर पहिल्यांदा कळले, आणि त्याने ती पिशवी दुकानदाराला परत दिली. वर्ग शांत होता. कोणी हसले नाही. दहा वर्षांपूर्वी हसले असते.

आमच्याकडे आता कपाट नाही. स्वच्छतागृहात, हात धुण्याच्या जागेच्या वर, उघड्या झाकणाचा एक साधा डबा आहे. वही बंद केली. महिन्याला किती खोकी आणली एवढीच नोंद राहते. गेल्या सत्रात त्या वहीच्या काळातल्या अकरा नोंदींच्या जागी खोक्यांमागून खोकी लागली. डबा भरण्याचे काम कंत्राटावर असलेल्या सफाईच्या मावशी करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दारात गाठून हळू आवाजात विचारले, की यातले दोन घेतले तर चालतील का, घरी मुलगी आहे. मी हो म्हणाले, आणि मग लक्षात आले की त्यांनाही विचारावे लागले होते. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वर लावलेल्या कागदावरचा ‘फक्त विद्यार्थिनींसाठी’ हा शब्दप्रयोग आम्ही खोडला.